अतितातडीची मोजणी

फी अतितातडीची भरलेली होती,
म्हणून बुधवारीच गेलो कोलशेतला,
खाडीच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो
आणि फलकावर मनोऱ्याचं चित्र सुरू होतं.
सोबत रोव्हर, चुन्याची पिशवी,
आणि शिपाई वाघ, ज्याला गवतात फक्त साप दिसतात.

सातबारा सांगत होता : पोटखराब.
पीक गवत. झाडं, ताड तीन.
इतर हक्कांच्या रकान्यात एक खोडलेलं नाव,
त्यातलं शेवटचं 'कर' तेवढं वाचता आलं.

गवत कापलं तसे दगड वर आले.
वरच्या ओळी हिब्रू, मला न लागणाऱ्या,
खाली मराठी, माझ्या आईच्या अक्षराच्या वळणाची :
एलोजी अबाजी झिराडकर, राहणार ठाणे,
धंदा तेलाचा, शके अठराशे चार,
हा दगड मुलाने बसविला.
धंदा तेलाचा.
वाघाने उगाचच बोट फिरवलं त्या शब्दावरून
आणि हात पँटला पुसला.

बाराला सगळे जमले.
बिल्डरचा माणूस इतका नम्र
की कुणी न सांगता बूट काढून गवतात उभा.
स्थलांतर सन्मानाने करू, म्हणाला,
संगमरवराची भिंत, सगळी नावं एका ओळीत.
ट्रस्टचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.
धाकटा म्हणे, सिनेगॉगचं छत गळतंय,
प्रार्थनेला दहा माणसं जमत नाहीत,
जे उरलेत त्यांचं बघा.
थोरला ताडाकडे बघत राहिला.
कुंपणाबाहेर पाडलेल्या चाळीतल्या बायका,
तीन वर्षं भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या :
"मेलेल्यांना जागा आहे, आम्ही कुठे जायचं?"
त्यांचंही खोटं नव्हतं.

सेगुलाबाई काहीच बोलली नाही.
ऐंशीच्या पुढची, हातात दुधाची रिकामी पिशवी.
वाकली, खडा शोधला, एलोजीच्या दगडावर ठेवला,
आणि गुडघे धरून सावकाश उभी राहिली.

मग धाऊ भोईर पुढे आला.
इथले खड्डे त्याने खणलेले, त्याआधी त्याच्या बापाने.
"सायेब, दगड एकतीस हान, ते तुमी मोजलंव.
बिनदगडाची पोरां कोन मोजनार?"
देवीच्या साथीतली, ताडाखालची,
बापाने बोट धरून दाखवलेली.
तो चालत राहिला, अडखळत, आठवत,
एकदा दोन पावलं मागे आला, "नाय, हितं,"
आणि तो थांबेल तिथे मी चुना टाकला.
एकोणीस ठिपके.
विहिरीला चिन्ह आहे, विजेच्या खांबाला आहे,
कबरीलाही आहे नकाशात;
बिनदगडाच्या पोराला नाही.

नमुन्यात विचारतात : प्रत्यक्ष कब्जा कोणाचा?
कब्जेदाराला नोटीस द्यावी,
त्याने मोजणीला हजर राहावं, सही करावी.
मी लिहिलं, कब्जेदार हजर,
सही करण्यास असमर्थ.
साहेबांनी लाल पेनाने ती ओळ खोडली
आणि चहा मागवला, दोघांसाठी.

रात्री कोपरखैरण्याला, शर्ट धुवायला टाकताना
बायकोने खिशातून खडा काढून ओट्यावर ठेवला.
"हे काय आणलंत?"
वारा होता, नकाशा उडत होता,
कुठूनसा उचलून मी कागदावर ठेवलेला.
कुठूनसा म्हणजे कुठून, ते तिला सांगितलं नाही.
हे घर कशावर उभं आहे
हे एवढ्या नोकरीत मी कधी मोजलेलं नाही.
भाताची खाचरं होती म्हणतात.
म्हणतात.

शुक्रवारी परत गेलो. पत्रे ठोकून झाले होते.
रखवालदार नवा. "काय काम?"
म्हटलं, मोजणी राहिलीय थोडी.
"किती वेळ लागेल?"
मुठीत खडा गरम झाला होता.
त्याने घड्याळात पाहिलं,
मी पत्र्यांच्या वर, ताडांकडे.
तीनपैकी दोनच दिसत होते.